गाडीचा शेवटचा डबा

रेल्वेगाडी पूर्ण आली की नाही, हे इंजिन बघून कळत नाही. इंजिन फलाटाला लागलं की आपण गाडी आली म्हणतो आणि पिशव्या उचलतो. स्टेशन मास्तर मात्र अजून तसं म्हणत नाही. तो एकेक डबा समोरून जाऊ देतो आणि शेवटच्या डब्याच्या पाठीकडे पाहतो. तिथे दिवसा ‘एलव्ही’ या दोन अक्षरांची पाटी दिसली पाहिजे, रात्री लाल दिवा. ‘लास्ट व्हेइकल’, म्हणजे शेवटचं वाहन, एवढंच ती पाटी सांगते. पण ती दिसली की मागच्या स्टेशनापासून इथपर्यंतच्या रुळांवर एकही डबा सुटून राहिलेला नाही, याची खात्री पटते. मगच मागच्या गाडीला वाट मिळते. पाटी दिसली नाही, तर इंजिन कितीही दिमाखात येऊन उभं असो, मागचा मार्ग बंदच राहतो.

ही पाटी ज्याच्या पाठीवर असायची, तो गार्डचा डबा. रेल्वेच्या कागदात ब्रेकव्हॅन, अमेरिकेत कबूस. गाडीतल्या सगळ्या वाहनांत मला सर्वांत थक्क करणारं वाहन हेच वाटतं. इंजिन ओढतं, हे लहान मूलही सांगेल. पण एवढ्या वजनाची गाडी थांबते कशी, तुटली तर तिचं काय होतं आणि ती पूर्ण आहे हे कुणाला कसं समजतं, या प्रश्नांची उत्तरं शेवटच्या डब्यात आहेत. असा एखादा जुना डबा आपल्या अंगणात आणून दुरुस्त करायला घेतला, तर ती उत्तरं हातानं चाचपून बघता येतात. वर्धा जिल्ह्यातल्या रोहण्यासारख्या गावात तर हे करण्याला वेगळाच अर्थ आहे, कारण या गावाला स्वतःची छोटी रेल्वे होती.

कापसाची गाडी

ग्रेट इंडियन पेनिन्सुला, म्हणजे जीआयपी, रेल्वेचा मोठा मार्ग 1867 मध्ये नागपूरला पोहोचला. वऱ्हाडातला आणि वर्धा खोऱ्यातला कापूस त्या मार्गानं मुंबई बंदराकडे जाऊ लागला. कापूस मात्र स्टेशनाशेजारी पिकत नाही, तो आत वावरांत पिकतो. तो बैलगाडीनं मोठ्या मार्गापर्यंत आणायचा, तर वेळ आणि पैसा दोन्ही जात. म्हणून फाटे निघाले. जलंब ते खामगाव हा फाटा 1870 मध्ये खुद्द गव्हर्नर जनरल लॉर्ड मेयो यांच्या हस्ते सुरू झाला, यावरून कापसाचं वजन लक्षात यावं.

पुढे किलिक निक्सन या मुंबईच्या कंपनीनं सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीच्या नावानं विदर्भात अरुंद मार्ग टाकले. मूर्तिजापूरहून एक यवतमाळला जाणारा, एक अचलपूरला जाणारा, आणि तिसरा आपला, पुलगाव ते आर्वी. हा तिसरा मार्ग 1917 मध्ये सुरू झाला. लांबी 35 किलोमीटर. सोरटा, विरूळ, रोहणा अशी गावं त्यानं पुलगावच्या मोठ्या स्टेशनाला जोडली. वेळापत्रकात आपल्या गावाचं नाव ‘रोहणा टाउन’ असं छापलं जाई. मार्ग कंपनीच्या मालकीचे आणि गाड्या चालवणार जीआयपी रेल्वे, अशी ही व्यवस्था. देशातल्या बहुतेक रेल्वे सरकारच्या झाल्या, 1951 मध्ये मध्य रेल्वे स्थापन झाली, तरी या मार्गांचा कंपनीशी करार चालूच राहिला.

यवतमाळकडची गाडी ‘शकुंतला’ म्हणून देशभर ओळखली गेली. मँचेस्टरला 1921 मध्ये बांधलेलं वाफेचं इंजिन तिथे 1923 पासून 15 एप्रिल 1994 पर्यंत राबलं. अचलपूर ते यवतमाळ हे जवळपास 190 किलोमीटर अंतर कापायला गाडीला वीस तासांपर्यंत लागत. मोजक्या माणसांवर गाडी चालायची. तिकीट देण्यापासून इंजिन सोडवण्यापर्यंतची कामं तीच माणसं करत.

या मार्गांचे दोन रूळ एकमेकांपासून 762 मिलिमीटरवर, म्हणजे अडीच फुटांवर. त्यावरचा डबा मात्र दोन मीटरांहून रुंद. रुळांच्या अडीच-तीनपट रुंद डबा उलटत कसा नाही, असं पाहणाऱ्याला वाटतं. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंजिनीअरनं 1897 च्या बार्शी लाइट रेल्वेवर असे रुंद डबे नीट चालवून दाखवले होते. इंजिन असो की डबा, कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही, हा त्याचा नियम. भार असा सारखा वाटला की हलके रूळ पुरतात आणि खर्च कमी येतो. जिथे मोठी रेल्वे कधी गेली नसती, तिथे गाडी गेली ती या हिशेबामुळे.

हवेनं थांबणारी गाडी

गार्डच्या डब्यात शिरलं की पहिली नजरेत भरणारी गोष्ट म्हणजे हातब्रेकचं चाक. उभ्या दांड्यावर आडवं बसवलेलं, हाताच्या घामानं गुळगुळीत झालेलं. ते फिरवलं की दांड्याच्या खालच्या आट्यांवरून एक नट वर सरकतो, नट पट्ट्या ओढतो आणि पट्ट्या ब्रेकचे ठोकळे चाकांवर दाबतात. हातब्रेकच्या चाकाचा घेर सव्वा मीटर धरा आणि एका फेऱ्यात नट दीड सेंटिमीटर सरकतो असं धरा. म्हणजे हाताचा जोर कागदावर ऐंशीपट झाला. त्यातला निम्म्याहून जास्त जोर आट्यांच्या घर्षणात जातो. तरीही एका माणसाचा जोर पंचवीस-तीस माणसांएवढा होऊन चाकापर्यंत पोहोचतो. शिवाय तेच घर्षण हातब्रेकच्या चाकाला उलटं फिरू देत नाही. आवळलेला ब्रेक, गार्ड खाली उतरून गेला तरी, आवळलेलाच राहतो.

पण एका डब्याच्या ब्रेकनं सगळी गाडी थांबत नाही. हे जगाला फार मोठी किंमत देऊन कळलं. आयर्लंडमध्ये आर्माघजवळ 12 जून 1889 रोजी सहलीची एक गच्च भरलेली गाडी चढावर अडली. इंजिनाला झेपेना, म्हणून गाडी मधोमध सोडवून पुढचे डबे आधी न्यायचं ठरलं. मागचे दहा डबे गार्डच्या हातब्रेकवर आणि चाकांखाली ठेवलेल्या दगडांवर उभे राहिले. पुढचा भाग निघताना जरासा मागे सरकला, मागच्या डब्यांना धक्का बसला आणि ते उतारावरून सुटले. खालून येणाऱ्या गाडीवर ते आदळले, सुमारे 80 माणसं गेली, त्यात मुलं पुष्कळ होती. सहलीच्या गाडीला इंजिनातून लागणारे ब्रेक होते, पण नळी जोडलेली असेपर्यंतच ते चालत. नळी सुटली की ब्रेकही सुटत. त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटनं कायदा केला. प्रवासी गाडीचे ब्रेक सगळ्या डब्यांना एकदम लागणारे हवेत आणि गाडी तुटली तर ते आपोआप लागले पाहिजेत.

गाडी तुटली की ब्रेक सुटण्याऐवजी लागावेत, हे साधायचं कसं? उत्तर इतकं देखणं आहे की मला ते दर वेळी नव्यानं आवडतं. ब्रेक लावण्यासाठी जोर लावायचाच नाही. ब्रेक सुटलेले ठेवण्यासाठी जोर लावायचा.

आपल्याकडे दीर्घकाळ चालला तो व्हॅक्यूम ब्रेक. इंजिनापासून गार्डच्या डब्यापर्यंत एक नळी जाते. इंजिन त्या नळीतली हवा सतत शोषून घेतं. प्रत्येक डब्याखाली एक उभा सिलेंडर असतो आणि त्यात दट्ट्या. हवा शोषली जाते तेव्हा दट्ट्याच्या वरची आणि खालची अशी दोन्हीकडची हवा जाते, म्हणून दट्ट्या आपल्या वजनानं खाली बसतो. ब्रेक सुटलेले. आता ड्रायव्हरनं नळीत हवा सोडली, किंवा नळी तुटली, तर हवा दट्ट्याच्या खाली शिरते. वर शिरू पाहते, पण वाटेत एक छोटी गोळी बसवलेली असते, ती भोक बंद करते. वर पोकळी तशीच, खाली हवा. बाहेरचं सगळं वातावरण दट्ट्याला वर ढकलतं आणि ठोकळे चाकांना भिडतात.

हा जोर किती? वातावरणाचा दाब 76 सेंटिमीटर पाऱ्याएवढा. त्यातला साधारण 50 सेंटिमीटर इंजिनानं शोषून काढला, तर दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे 680 ग्रॅमचा फरक पडतो. ऐकायला किरकोळ. पण दट्ट्याचा व्यास 45 सेंटिमीटर असेल, तर त्याचं क्षेत्रफळ जवळपास 1,600 चौरस सेंटिमीटर भरतं. म्हणजे एका डब्याखाली एक टनाहून जास्त जोर, आणि तोही फुकट, कारण तो आपल्याभोवतीच्या हवेचा आहे. पुलगावहून आर्वीला जाताना थांबणारी प्रत्येक व्हॅक्यूम गाडी आभाळाच्या वजनानं थांबत असे.

डब्यातली साखळी ओढली की गाडी का थांबते, हेही इथेच उलगडतं. साखळी फक्त एक झडप उघडते आणि नळीत हवा शिरू देते. त्या काळच्या गाडीत साखळी ओढल्यावर येणारा ‘सुस्स’ आवाज बाहेरची हवा आत जाण्याचा असे. आजच्या गाड्यांत नळीत दाबलेली हवा असते, दर चौरस सेंटिमीटरला पाच किलो. तिथे तोच आवाज हवा बाहेर पडण्याचा असतो. तत्त्व मात्र दोन्हीकडे तेच.

गार्डच्या डब्यात या नळीचं शेवटचं टोक, एक दाबमापक आणि एक झडप. काट्याकडे पाहून गार्डला समजे की इंजिनाची ताकद शेवटच्या चाकापर्यंत पोहोचली आहे. काही वावगं दिसलं तर झडप उघडून तो स्वतः गाडी थांबवू शके. जवळ लाल-हिरवे झेंडे, हातदिवा, शिट्टी, प्रथमोपचाराची पेटी आणि रुळावर ठेवायचे फटाके. गाडी मध्येच अडली तर तो मागे चालत जाई. अरुंद मार्गावर 400 मीटरवर एक फटाका आणि 800 मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतरानं तीन फटाके रुळावर बांधायचे, असा नियम आहे. मागून येणाऱ्या इंजिनाखाली ते फुटले की ड्रायव्हरनं थांबायचं. भर पावसात, अंधारात, एकटा माणूस आपल्या गाडीकडे पाठ करून एवढं अंतर चालत जायचा, कारण डब्यांतली माणसं त्याच्या भरवशावर झोपलेली असत.

अंगणात डबा आणायचा तर

अमेरिकेत 1980 च्या दशकात कबूस निवृत्त होऊ लागले. शेवटच्या वाघिणीला अडकवलेलं एक यंत्र नळीतला दाब रेडिओवरून इंजिनाला कळवू लागलं, म्हणून मागच्या माणसाची गरज संपली. तिथले कबूस म्हणजे चालती घरं. आत शेगडी, झोपायच्या फळ्या, छतावर टेहळणीची काचेची खोली. लोकांनी ते विकत घेतले आणि पाहुण्यांची खोली, वाचनालय, छोटं दुकान असं त्यांना नवं आयुष्य दिलं. भारतातही अलीकडे काही मालगाड्यांवर असं यंत्र आलं आहे आणि 2022 पासून गार्डचा हुद्दा ‘ट्रेन मॅनेजर’ झाला आहे. आपल्याकडे जुन्या डब्यांना दुसरं आयुष्य देण्याची सुरुवात उपाहारगृहांपासून झाली. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर 2021 मध्ये डब्यातलं उपाहारगृह उघडलं, पाठोपाठ नागपूरलाही. छोट्या रेल्वेची जुनी वाहनं जवळून बघायची असतील, तर नागपूरच्या मोतीबाग इथलं नॅरोगेज संग्रहालय 2002 पासून उभं आहे. डब्याला हात घालण्याआधी तिथे एक दिवस घालवावा.

रेल्वे आपली बाद झालेली वाहनं ई-लिलावानं विकते, तोच सरळ मार्ग. बंद पडलेल्या मार्गावरचा रूळ, स्लीपर किंवा साधी फिशप्लेट उचलून आणणं हा गुन्हा आहे, त्यासाठी 1966 चा स्वतंत्र कायदा आहे. लिलावातला डबा कापून द्यायचा की अखंड, हे आधी विचारून घ्यावं, कारण बाद लोखंड सहसा तुकडे करूनच बाहेर जातं.

मग खरा प्रश्न येतो तो जमिनीचा. आपली काळी जमीन कापसाला आई, पण बांधकामाला वैरी. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट रूळ टाकले तर दोन पावसाळ्यांत एक रूळ वर, एक खाली जातो आणि डब्याची चौकट पिळवटते. म्हणून काळी माती खोदून काढायची, मुरूम भरून पाणी मारत दाबायचा, त्यावर गिट्टी, त्यावर स्लीपर आणि रूळ. गिट्टीचे दगड धारदार हवेत, म्हणजे ते एकमेकांत अडकून बसतात. गोल गोटे सरकतात. रुळांच्या सांध्यात फट ठेवायची. बारा मीटरचा रूळ हिवाळ्याच्या पहाटेपासून मे महिन्याच्या दुपारपर्यंत तापला, तर सहा मिलिमीटर वाढतो. गाडीची ती ओळखीची खडखड याच फटींची.

डबा क्रेननं उतरवून रुळांवर ठेवला की चाकांकडे नीट बघावं. चाकाची कड सपाट नसते, किंचित निमुळती असते. आतल्या बाजूला व्यास जास्त, बाहेर कमी. याचं कारण घरच्या घरी बघता येतं. कागदाचे दोन पेले तोंडाला तोंड लावून चिकटवा आणि दोन समांतर काठ्यांच्या उतारावर सोडा. ते डावीकडे-उजवीकडे डुलतात, पण पुन्हा मधे येतात, पडत नाहीत. आता तेच पेले बुडाला बूड लावून सोडा, लगेच घसरून पडतील. डबा एका बाजूला सरकला की त्या बाजूचं चाक आपल्या मोठ्या व्यासावर चालू लागतं, दर फेऱ्यात जास्त अंतर कापतं आणि जोडीला परत मधे वळवतं. चाकाला आतून असलेला ओठ शेवटचा आधार म्हणून असतो. गाडीला वाटेवर ठेवण्याचं रोजचं काम हा नजरेत न येणारा उतार करतो.

चाकावर लहान हातोडीनं टकटक करावी. टीएक्सआर, म्हणजे गाडी तपासणारा कर्मचारी, स्टेशनावर तेच करत असे. चाकाच्या गाभ्यावर पोलादाची धाव तापवून चढवलेली असते, थंड होताना ती आवळून बसते. ती घट्ट आणि अखंड असेल तर घंटेसारखा लांबणारा नाद येतो. सैल किंवा तडकलेली असेल तर आवाज बद्द येतो आणि तिथेच मरतो.

चाकांच्या टोकाला झाकणाची लोखंडी पेटी दिसेल. ती उघडली की आत काळ्या तेलात भिजलेला सुताच्या चिंध्यांचा बोळा. आसाच्या टोकावर पितळेची अर्धगोल वाटी बसते, तिला आतून कथील-शिशाच्या मऊ धातूचं अस्तर. बोळा तेल वर ओढतो, फिरणारा आस ते वाटीखाली नेतो आणि दोन-अडीच टनांचा भार मिलिमीटरच्या काही शतांश जाडीच्या तेलावर तरंगत राहतो. धातू धातूला टेकतच नाही. बोळा सुकला तर आस तापतो, अस्तर वितळतं, धूर निघतो. वळणावर मान बाहेर काढून गार्ड हाच धूर शोधत असे. गाडीत कापसाच्या गाठी असताना त्या धुराची धास्ती वेगळी सांगायला नको. मला यात एक वर्तुळ दिसतं. कापूस वाहणारी चाकं सुताच्या चिंध्यांवर फिरत होती.

रंगाखालचा इतिहास

डब्याच्या अंगावरचा रंग एकदम खरवडू नये. आधी एखाद्या कोपऱ्यात तळहाताएवढी जागा घ्यावी आणि एकेक थर थोडा थोडा मागे ठेवत पायऱ्यांसारखा उतरवावा. वर निळा, त्याखाली मातकट लाल, त्याखाली आणखी जुना एखादा, अशी डब्याची सगळी वयं तिथे ओळीनं दिसतील. प्रत्येक थर म्हणजे कारखान्याची एक फेरी. डब्याच्या टोकाला ‘पीओएच’ या अक्षरांपुढे मोठ्या दुरुस्तीची तारीख रंगवलेली असते, तिच्याखाली आधीच्या तारखांच्या सावल्या असतात. या जागेचा फोटो काढावा, आणि शक्य झालं तर हातभर चौकोन तसाच राखून ठेवावा.

लोखंडाला लागून तळाशी शेंदरी थर दिसला तर सावध व्हावं. तो खराखुरा शेंदूर आहे, शिशाचा ऑक्साइड. गंज थोपवायला पूर्वी लोखंडाला पहिला हात त्याचाच देत. घरगुती रंगांतल्या शिशावर आपल्याकडे 2017 पासून कडक मर्यादा आहे, पण हा थर त्याच्या कितीतरी आधीचा. त्याला कोरडं घासायचं नाही, पाणी मारत ओलं खरवडायचं, तोंडाला चांगला मास्क लावायचा, चुरा गोळा करून वेगळा ठेवायचा. लहान मुलांना त्या दिवसांत जवळ येऊ द्यायचं नाही, शिसं त्यांच्या मेंदूला सर्वांत जास्त इजा करतं. डबा आतून पत्र्यानं मढवलेला असेल आणि मागे तंतूंचा राखाडी लगदा आढळला, तर हात न लावता जाणकाराला दाखवावा, तो ॲस्बेस्टॉस असू शकतो.

गंज नुसता रंग खात नाही. लोखंडापेक्षा तो कितीतरी जास्त जागा मागतो, म्हणून दोन पत्र्यांच्या फटीत शिरला की पत्रे एकमेकांपासून उचकटतो आणि बोटाएवढ्या रिव्हेटचं डोकं उडवतो. रिव्हेटची गंमत उलटी आहे. ते लालबुंद तापवून ठोकतात, थंड होताना आखडतं आणि दोन्ही पत्रे आवळून धरतं. आकुंचनानं जोडलेलं आणि प्रसरणानं तुटणारं, असं हे लोखंडाचं घर. गंजलेला भाग कापून नवा पत्रा लावताना वेल्डिंग सोपं पडतं, पण दर्शनी बाजूला तरी रिव्हेट ठेवावेत. जुन्या लोहारकामाची माहिती असलेला मिस्त्री मिळाला तर त्याच्या हाताखाली घरातल्या एखाद्या पोरानं उभं राहावं.

लाकूड जुनं असेल तर बहुधा सागवान. सागाला वाळवी सहसा लागत नाही. त्याच्या गाभ्यात तेल असतं आणि टेक्टोक्विनोन नावाचं द्रव्य असतं, ते वाळवीला मानवत नाही. कुजलेली फळी बदलायची तर त्याच जातीचं, पूर्ण सुकलेलं लाकूड घ्यावं. गडचिरोली-चंद्रपूरचा साग काही आपल्याला लांब नाही. जुन्या डब्यांच्या छतावर फळ्यांवर जाड कॅनव्हास ताणून रंगानं मढवलेला असे. तो फाटला की पाणी आत झिरपतं आणि डबा वरून खाली कुजत येतो. म्हणून आधी छत, मग बाकी सगळं.

आत बसायला

वर्ध्याच्या मे महिन्यात पत्र्याचा डबा भट्टी होतो. छताला पांढरा रंग द्यावा, वर हातभर मोकळी जागा सोडून हलकं दुसरं छप्पर घालावं आणि दोन्ही दारांना वाळ्याच्या ताट्या लावाव्यात. समोरासमोरच्या दारांमुळे वारा आरपार जातो, ही सोय डब्यात मुळातच आहे. एका कडेला पुस्तकं, एका कडेला गार्डची फळीची बैठक तशीच. प्रवाशांच्या कुत्र्यांसाठी असलेला जाळीचा कप्पा सापडला तर तो काढू नका. मुलं सगळ्यात आधी त्याच्यापाशीच बसतात.

सगळ्यात मोठा आनंद मात्र ब्रेक पुन्हा चालू करण्यात आहे. सिलेंडर उघडला की दट्ट्याभोवती रबराची गोल कडी दिसते. ती घसरत नाही, दट्ट्यासोबत लोळत वर-खाली जाते, म्हणून हवा निसटत नाही आणि रबरही झिजत नाही. जुनी कडी कडक होऊन चिरलेली असते, ती बदलावी लागते. मग नळीला छोटा व्हॅक्यूम पंप जोडायचा, चाकांना आधी लाकडी ठोकळे लावायचे आणि सगळ्यांचे हात-पाय पट्ट्यांपासून दूर ठेवायचे. पंप सुरू झाला की काटा सावकाश चढतो आणि ठोकळे चाकांपासून सुटतात. झडप उघडली की हवा आत धावते आणि दट्ट्या वर झेपावतो. शाळेत हवेच्या दाबाचा धडा ज्यांना कोरडा वाटला, त्यांनी हे एकदा बघावं. टनभर लोखंड हलवणारी ती हवा आपण रोज श्वासात घेतो.

मूळ डबा मिळाला नाही तरी काम अडत नाही. अडीच फुटांच्या रुळांवर मापानुसार बांधलेली चौकट, खरं हातब्रेकचं चाक, एक चालता सिलेंडर आणि निमुळत्या चाकांची एक जोडी एवढं रोहण्याच्या एखाद्या शाळेच्या आवारात बसवलं, तरी तालुक्यातल्या पोरांना यंत्रशास्त्राचे चार धडे एका जागी शिकता येतील. पण लोखंड थांबू शकतं, माणसं थांबत नाहीत. पुलगाव–आर्वी गाडीवर काम केलेली, किंवा त्या गाडीनं बाजाराला आणि शाळेला गेलेली माणसं अजून आपल्या घरांत आहेत. कुठल्या उतारावर गार्ड ब्रेक आवळायचा, काट्याचा कुठला आकडा त्याला पसंत होता, कापसाच्या हंगामात गाडीला किती वाघिणी जोडत, हे त्यांच्याकडूनच कळेल. पहिला रूळ टाकण्याआधी त्यांच्याकडे वही घेऊन जावं आणि ते सांगतील ते सगळं लिहून घ्यावं.